चित्राला ‘म्हणे’ लावता येत नाही

मराठीत ‘म्हणे’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. ‘तिच्या अंगात देवी येते’ असे कोणी सांगितले तर सांगणाऱ्याला देवीचीही जबाबदारी घ्यावी लागते आणि अंगात येण्याचीही. पण तेच ‘तिच्या अंगात देवी येते म्हणे’ असे सांगितले की तो मोकळा होतो. बातमी तर पोहोचवली, पण ती खरी असल्याच्या पावतीवर सही केली नाही. आमच्या घरात हा शब्द माझ्या आत्याच्या संदर्भात इतकी वर्षे वापरला गेला आहे की तो तिच्या नावाचाच भाग वाटावा. गेल्या महिन्यात ‘मून नाइट’ या मार्व्हलच्या कॉमिकचे चौदा अंक सलग वाचताना तोच शब्द सारखा आठवत राहिला, कारण त्या कॉमिकची सगळी करामत हा शब्द हाताशी नसण्यावर उभी आहे.

हे चौदा अंक २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत निघाले. लेखन कॅनडाच्या जेफ लेमायरचे, बहुतेक चित्रे ग्रेग स्मॉलवुडची आणि रंग जॉर्डी बेलेअरचे आहेत. मार्क स्पेक्टर नावाचा माणूस एका मनोरुग्णालयात जागा होतो. तो स्वतःला मून नाइट समजतो, म्हणजे खोन्शू या प्राचीन इजिप्शियन चंद्रदेवाने मृत्यूच्या दारातून परत आणलेला आणि रात्री पांढरा पोशाख चढवून न्यूयॉर्कच्या गुंडांना बडवणारा योद्धा. डॉक्टर एमेट या बाई त्याला अगदी समजुतीच्या स्वरात सांगतात की तो बाराव्या वर्षापासून याच इमारतीत आहे आणि यातले काहीही कधी घडलेले नाही. ज्यांना तो आपले सोबती म्हणून ओळखतो, त्या मर्लिन, फ्रेंची, क्रॉली आणि जीना याच वॉर्डात रुग्ण म्हणून बसलेले आहेत. बॉबी आणि बिली हे दोन वॉर्डबॉय त्याला मारहाण करतात. मग तो पांढऱ्या कापडाचा एक साधा मुखवटा तोंडावर ओढतो आणि त्याला त्या दोघांच्या खांद्यांवर कोल्ह्याची डोकी दिसू लागतात. गच्चीवर पोहोचतो तर न्यूयॉर्क वाळूत बुडालेले आणि मध्ये पिरॅमिड उभा. डॉक्टरीणबाई खऱ्या की वाळू खरी, याचा निकाल पहिले पाच अंक मुळीच देत नाहीत.

आता यात नवीन काय, असे कोणी विचारील. वेड लागलेल्या नायकाच्या कथा पुष्कळ आहेत. पण कादंबरीकाराकडे ‘त्याला असे वाटले’ हे शब्द असतात, आणि ते टाळायचे म्हटले तरी वाचक ते मनातल्या मनात जोडून घेतो. सिनेमावाला चित्र जरा धूसर करतो, आवाज घुमवतो आणि स्वप्न चालू असल्याची सूचना देऊन टाकतो. कॉमिकच्या चौकटीत शाईने काढलेला वॉर्डबॉय आणि शाईने काढलेला कोल्हा हे दोघेही सारख्याच शाईचे असतात. रेषेला भास काढता येत नाही. ती जे काढते ते असतेच. शिवाय सिनेमात एक दृश्य गेले की दुसरे येते, पण कॉमिकच्या पानावर डावीकडचा माणूस आणि उजवीकडचा कोल्हा एकाच वेळी नजरेच्या टप्प्यात असतात. आपण उजवी चौकट वाचत असतो तेव्हा डावी चौकट डोळ्यांच्या कोपऱ्यात शाबूत असते. मार्कची अडचण नेमकी हीच आहे, आणि लेमायर व स्मॉलवुड ती समजावून सांगत नाहीत, पान आपल्या हातात देऊन ती आपल्यावर आणतात.

या पात्राचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण तो गमतीचा आहे. मून नाइट पहिल्यांदा आला तो ऑगस्ट १९७५ च्या ‘वेअरवुल्फ बाय नाइट’ या मालिकेच्या ३२ व्या अंकात, डग मोएंच आणि डॉन पर्लिन यांच्या हातून, आणि तोही लांडगामाणसाला पकडून आणण्याची सुपारी घेतलेला भाडोत्री म्हणून. १९८० मध्ये त्याला स्वतःची मालिका मिळाली आणि तिथे बिल सिएन्केविचची चित्रे आली. त्या काळात तो लक्षाधीश स्टीव्हन ग्रँट म्हणून मेजवान्यांना जाई आणि जेक लॉकली नावाचा टॅक्सीवाला होऊन रस्त्यावरच्या बातम्या काढी. ही निव्वळ सोंगे होती. आपल्याकडे सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही असे म्हणतात. या गृहस्थाने तेही आणून दाखवले, कारण भाडोत्री सैनिक म्हणून मिळवलेल्या पैशावर स्टीव्हन ग्रँट खरोखरच श्रीमंत झाला. पुढच्या लेखकांनी मात्र प्रश्न केला की एवढी सोंगे घेणारा बहुरूपी रात्री घरी येतो तेव्हा नेमका कोण येतो. मग सोंगांचा आजार झाला. २०११ च्या मालिकेत तर त्याच्या डोक्यात कॅप्टन अमेरिका, स्पायडरमॅन आणि वुल्व्हरिन बोलू लागले. बाहेरच्या जगातही या आजाराचे नाव बदलत होते. ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ हे जुने नाव अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीने १९९४ मध्ये काढून टाकले आणि ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ असे केले. व्यक्ती अनेक नाहीत, एकच व्यक्ती जुळून आलेली नाही, असा त्या बदलाचा रोख होता. कॉमिक्सवाल्यांनी मात्र हा आजार आणि कानात आवाज येण्याचा आजार यांची बरीच वर्षे खिचडी करून ठेवली. हे दोन वेगळे आजार आहेत, आणि ज्यांच्या घरात यांतला एखादा आहे त्यांना ती खिचडी खटकते.

माझा व्यवसाय छपाईचा आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजला आमचा लहानसा छापखाना आहे आणि वर्षाचे निम्मे काम लग्नपत्रिकांचे असते. त्यामुळे हे कॉमिक मी आधी छापणाऱ्याच्या नजरेने पाहिले, हे कबूल करतो. चार रंगांच्या छपाईत निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा एवढेच असतात. पांढरा रंग नसतोच. पांढरे म्हणजे जिथे काहीच छापले नाही ती जागा. गिऱ्हाइकाला हे पटवताना आमची दमछाक होते: ‘पांढरा जरा जास्त घाला’ असे दर लग्नसराईत कोणी तरी सांगतेच, आणि मी म्हणतो की काकू, तो आम्ही घालत नाही, तो सोडतो. मून नाइट हा असा सोडलेला माणूस आहे. २०१४ मध्ये वॉरन एलिस आणि डेक्लन शाल्वी यांनी जे सहा अंक केले त्यांत ही युक्ती पहिल्यांदा धीटपणे वापरली गेली: भोवतालचे सगळे रंगवलेले आणि नायकाच्या अंगावर रंगाचा एक ठिपकाही नाही. त्याही अंकांचे रंग बेलेअरचेच होते. म्हणजे पानावरच्या सगळ्या गोष्टींत सर्वांत ठळक दिसणारी गोष्ट हीच छापलेली नसते. ज्याच्या असण्याबद्दल शंका आहे तो माणूस कोऱ्या कागदाचा असावा, याहून नेमके उत्तर मला सुचले नसते.

स्मॉलवुड याच्या पुढे जातो. मार्क खोन्शूसमोर उभा असतो तेव्हा चौकटींभोवती कोरी जागा पसरत जाते, इतकी की चौकट कुठे संपली आणि कागद कुठे सुरू झाला हे शोधावे लागते. रुग्णालयाच्या पानांवर उलट घडते. तिथली पाने भरलेली, मळकट, उतरलेल्या रंगांची असतात. भिंतींच्या आतले जग छापलेले आहे आणि देवाचे जग न छापलेले आहे. कोणते जास्त खरे, हे तुम्ही शाईला खरे मानता की कागदाला यावर अवलंबून राहते. हातात अंक धरून मी हे पान खिडकीच्या उजेडात तिरके करून पाहिले, जसे आम्ही प्रूफ पाहतो, तेव्हा कोऱ्या भागातून मागच्या पानावरच्या चौकटी पुसट दिसत होत्या. हा चित्रकाराचा हेतू नसणार, कागद पातळ असणार. पण खोन्शूच्या मागे वॉर्डची भिंत दिसली खरी.

सहा ते नऊ या अंकांबद्दलही छापखान्याच्याच भाषेत सांगतो. रंगीत छपाईत चारही प्लेटा एकमेकींवर नेमक्या बसाव्या लागतात. एखादी केसभर सरकली की नवरदेवाच्या चेहऱ्याला दोन कडा येतात, ओठ एकीकडे आणि ओठांचा लाल रंग दुसरीकडे. या अंकांत मार्कच्या प्लेटा अशा सरकतात. स्टीव्हन ग्रँट हॉलीवूडचा निर्माता होतो आणि मून नाइटवर सिनेमा काढू लागतो, ते विल्फ्रेडो टोरेस काढतो. जेक लॉकलीची रात्रीची टॅक्सी फ्रान्चेस्को फ्रांकाविला काढतो. आणि चंद्रावर लांडगामाणसांशी लढणारा एक अंतराळवीर जेम्स स्टोको काढतो, ज्याच्या रेषांची गर्दी पाहून डोळे दुखतात. तीन माणसांना तीन चित्रकार दिले, ही नुसती हौस नाही. जेकला आपल्यावर शंका घ्यायचे कारणच उरत नाही, कारण त्याच्या अंगातला प्रत्येक काळा फटकारा एकाच हाताचा आहे. मग तेच हात पानावर एकमेकांच्या शेजारी येऊ लागतात आणि शैलीची सीमा हीच वेदनेची जागा होते. मला या मालिकेतला हा भाग सर्वांत उत्तम वाटतो. पुष्कळांना तो लांबण वाटतो. त्यांनी एकदा सरकलेली पत्रिका हातात घेऊन पाहावी.

आता आत्याबद्दल. आमच्या ग्वाल्हेरात कोणी विचित्र वागले की ‘आगऱ्याला पाठवा याला’ असे म्हणतात. पुण्याचे पाहुणे अशा वेळी येरवड्याचे नाव घेतात आणि मुंबईचे ठाण्याचे, तेव्हा आम्ही लहानपणी हसायचो, कारण येरवडा हे आम्हांला एखाद्या मिठाईचे नाव वाटे. आगऱ्याचे मनोरुग्णालय १८५९ चे आहे, आणि रेल्वेने दोन तासांवर असल्यामुळे ती आमच्यासाठी नुसती म्हण नव्हती. आत्या नवरात्रात आठव्या माळेला घुमायची. जनकगंजातल्या जुन्या घराच्या माजघरात बायका तिला चौरंगावर बसवत, मळवट भरत, ओटी भरत, प्रश्न विचारत. दसऱ्यानंतरही तिचे बोलणे थांबेना तेव्हा वडील तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले, आणि त्यांनी एका आजाराचे नाव आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. घरातल्यांनी दोन्ही गोष्टी ठेवल्या. गोळ्या रोज रात्री, ओटी वर्षातून एकदा. आजारी आहे म्हणे, देवी येते म्हणे. मी महाविद्यालयात असताना या दुटप्पीपणाचा फार राग राग केला होता. आता वाटते की त्या बायकांना तिच्याशी बोलायला एक वाट हवी होती.

गंमत अशी की मूळचा इजिप्शियन खोन्सू याच वाटेवरचा देव आहे. थीब्समध्ये अमुन आणि मुत यांचा तो मुलगा, कर्नाकला त्याचे देऊळ आजही उभे आहे, आणि त्याच्या नावाचा अर्थ ‘प्रवासी’ असा लावतात, कारण चंद्र आकाश ओलांडतो. कर्नाकला सापडलेला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेला एक शिलालेख आहे. त्यातली कथा रामसेस दुसरा याच्या काळातली म्हणून सांगितली असली तरी कोरला गेला तो कित्येक शतके नंतर. बख्तान नावाच्या दूरच्या देशाच्या राजकन्येला, बेंट्रेशला, पछाडले जाते. इजिप्तहून आधी एक विद्वान जातो, त्याला काही जमत नाही. मग खोन्सूची मूर्ती पाठवतात. राजकन्या बरी होते, आणि तिच्यातले भूत खोन्सूशी भांडत नाही. ते म्हणते की मी निघतो, पण माझ्यासाठी एक दिवस जेवण घाला. राजा जेवण घालतो आणि भूत जाते. पुढे तो राजा अशी उपयोगी मूर्ती परत पाठवायला मागेपुढे पाहतो आणि तीन वर्षे नऊ महिने अडवून ठेवतो, हे वाचताना तर मला आपल्याच गावातली एखादी हकीकत ऐकल्यासारखे झाले. भूत उतरवणारा हा देव अमेरिकेत आल्यावर स्वतःच भूत झाला. लेमायरच्या कथेत खोन्शूला मार्कचे शरीर हवे असते.

तक्रारीही आहेत. डॉक्टर एमेट यांच्या नावात हृदये गिळणाऱ्या अम्मित या इजिप्शियन राक्षसिणीचा भास आहे, हे कळल्यावर त्या बाईंना माणूस म्हणून उभे राहायला जागा उरत नाही, आणि बॉबी-बिली तर पहिल्या पानापासून दंडुकेच आहेत. विजेच्या उपचारांचे दृश्य छळाचे दृश्य म्हणून येते. असे छळ इतिहासात झाले, हे खरे. पण २०१६ सालच्या कथेने पन्नास वर्षांपूर्वीचे रुग्णालय का काढावे? आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यावर बंदी घातली आहे, आणि भूल देऊन केलेला हाच उपचार गंभीर नैराश्याच्या रोग्यांना उठवून बसवतो. जगाच्या खरेपणाबद्दल संशय निर्माण करायचा तर रुग्णालयही तितकेच खरे आणि तितकेच चांगले असू शकते, ही शक्यता जिवंत ठेवायला हवी होती. वॉर्डबॉय इतका दुष्ट असेल तर वाचक लगेच कोल्ह्याच्या बाजूने कौल देतो, आणि लेखकाने कष्टाने उचलून धरलेला तराजू एका बाजूला झुकतो.

तरीही मी ज्या कॉमिक्सवर वाढलो त्यांच्याशी तुलना केली की हे पुस्तक किती धीट आहे ते कळते. नव्वदच्या दशकात आम्ही ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याजवळच्या एका टपरीवरून रोजाच्या भाड्याने राज कॉमिक्स आणत असू, आणि माझा देव डोगा होता. कुत्र्याचा मुखवटा, हातात बंदूक, अदरक चाचांकडून शिकलेली कसरत. त्यातून त्याला कचऱ्याच्या ढिगावरून उचलणारा हलकानसिंग हा डाकू आमच्या चंबळचा, त्यामुळे डोगा मुंबईला राहत असला तरी आम्ही त्याला आमच्याच बाजूचा धरत असू. डोगा कुत्र्यांशी बोलतो आणि माणसांना गोळ्या घालतो, आणि तरी इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणालाही हा माणूस बरा आहे ना, असे विचारावेसे वाटले नाही. मून नाइट हा प्रश्न पहिल्याच पानावर स्वतःला विचारतो.

शेवटच्या पाच अंकांत मार्कचे लहानपण येते, रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, असलेले वडील येतात, आजाराची सुरुवात कुठे झाली हे येते. इथे लेमायरचा हात जरा सुटतो. जे इतका वेळ पानावर होते ते आता खुलाशात उतरते, आणि माझ्या कानाला तिथे प्रथमच ‘म्हणे’ ऐकू आले. पण अखेरचा निर्णय चुकलेला नाही. मार्क खोन्शूला नाकारतो, मात्र स्टीव्हन आणि जेक यांना घराबाहेर काढत नाही. तो बरा होत नाही. देव जातो, आजार राहतो, आणि आजारासह माणूस कामाला लागतो. २०२२ मध्ये ऑस्कर आयझॅकची सहा भागांची मालिका आली, तिनेही रुग्णालयाची कल्पना उचलली आणि ते भाग चांगले झाले. पण कॅमेऱ्याला पांढरा रंग सोडता येत नाही, तो भरावा लागतो.

आत्या आता सत्याहत्तरची आहे आणि गेली काही वर्षे आमच्याकडेच असते. मी दिवाणखान्यात अंक वाचत होतो तेव्हा ती चष्मा पुसत शेजारी येऊन बसली. पान उघडे होते ते खोन्शूचे: पांढरा सूट घातलेला, डोक्याच्या जागी पक्ष्याची कवटी.

“हा कोण रे?”

“देव आहे, आत्या. या गोष्टीतल्या माणसाशी बोलतो.”

तिने बराच वेळ पाहिले. “असा समोर बसून नाही बोलत,” ती म्हणाली. “मागून बोलतं. इथून.” आणि तिने उजव्या खांद्याच्या थोडे वर, हवेत, बोट ठेवले, जसे आपण भिंतीवर खिळ्याची जागा दाखवतो. मग बोटाला थुंकी लावून तिने चार-पाच पाने एकदम उलटली, वॉर्डच्या चौकटींवर थांबली आणि लोखंडी खाटेवर बसलेल्या मार्कवर बोट टेकवून तिने विचारले, “आणि याला डबा कोण आणतं?”

मी सगळे अंक पुन्हा चाळले. डबा कोणी आणत नाही.